आत बसायला माणूस

तुमच्या गाडीवर कुणी बाहेरून पाइपने पाणी मारत असेल, तर ते कुठून आत शिरतंय हे बघायला आत कोण बसेल? मनातल्या मनात एक नाव घ्या. गाडी नसली तरी घ्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या गॅरेजवाल्या काकांनी मला हे विचारलं तेव्हा माझ्या हातात सीलंटची गन होती, नखांत काळा चिकटा होता आणि मला एकही नाव सुचत नव्हतं.

गाडी बाबांची. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी सभांचे होते. गाडी त्यांनी चौथ्या की पाचव्या मालकाकडून घेतली, तीही फिरायला नव्हे. टपावर कर्णा, डिकीत पत्रकांचे गठ्ठे, मागच्या सीटखाली खळीची बादली. वस्तीत सगळे तिला सभेची गाडी म्हणत. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. बाराखडी संपायच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं.

आमच्या घरात उरलेलं पत्रक कधी वाया गेलं नाही. खिडकीची काच तडकली, लाव पत्रक. छपराच्या पत्र्याला भोक पडलं, दोन पत्रकं, खळ आणि वरून डांबर. पुस्तकांना कव्हरं त्याचीच, डब्याच्या झाकणाखाली घट्ट बसायला घडीही त्याचीच. आई म्हणायची, या घराच्या भिंती काढून घेतल्या तरी नुसत्या मागण्यांवर घर उभं राहील. आता आई नाही. ती असती तर पुढचं काही घडलंच नसतं, किंवा घडलं असतं आणि तिने दोघांना एका ताटात जेवायला बसवलं असतं.

बाबांचं आणि माझं बोलणं थांबलं ते एका छपरावरून. अंबरनाथ पश्चिमेला बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंगमेहनतीने एक अभ्यासिका उभी केली होती. वस्तीतली मुलं तिथे परीक्षांचा अभ्यास करायची. छप्पर गळायला लागलं, पुस्तकं फुगली, कपाटांना बुरशी आली. मग एका बिल्डरने नवं छप्पर घालून दिलं आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावली, अभ्यासिकेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. याच माणसाने शेजारच्या चाळीतली कुटुंबं भर पावसात बाहेर काढली होती. मी पत्रक लिहिलं. उद्घाटनाच्या दिवशी दारात उभी राहून येईल त्याच्या हातात दिलं. बाबा आले, त्यांनाही दिलं, अनोळखी माणसाला देतात तसं, डोळ्यांत न बघता. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आत गेले.

त्यानंतर चौदा महिने आम्ही एक शब्द बोललो नाही.

मी चूक नव्हते. आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माफीनाम्याची वाट बघायला नको. पण बरोबर असण्याला सोबत मिळतेच असं नाही, हे मला कुठल्याही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. ज्यांनी तेव्हा माझी पाठ थोपटली, त्यातला एकही पुढच्या रविवारी चहाला आला नाही. वस्ती सोडून आम्ही बदलापूरला मांजर्लीतल्या एका इमारतीत गेलो होतो; बाबा तिथेच राहत होते, मी अंबरनाथला एका खोलीत. दिवसभर मी औषधांच्या खोक्यांवर छापायची बारीक अक्षरं तपासायचे. संध्याकाळी खोलीवर येऊन कुलूप उघडताना रोज वाटायचं, आत कुणी खोकेल. घरी बाबा खोकायचे.

गाडी मांजर्लीतल्या इमारतीखाली उभी होती. बाबांनी ती चालवणं कधीच सोडलं होतं. एका मोर्चाच्या सकाळी त्यांनी डिकी उघडली तेव्हा रात्रभराच्या पावसाने सगळ्या गठ्ठ्यांचा लगदा झाला होता. मी लहान होते, शेजारी उभी होते. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, जी गाडी कागद कोरडा ठेवू शकत नाही तिचा आपल्याला काय उपयोग. त्यानंतर ती उभीच राहिली. पुढे एका वर्षी उल्हास नदीचं पाणी इमारतीत शिरलं तेव्हा तिच्या चाकांपर्यंत चढलं आणि उतरलं. सोसायटीने ती हलवायची नोटीस लावली, त्याचा फोटो जुन्या शेजारणीने मला पाठवला.

मला गाडी चालवायची नव्हती आणि विकायचीही नव्हती. डिकीत कागद कोरडा राहील अशी ती करायची आणि बाबांनी एकदा तिच्यात बसावं, एवढंच मला हवं होतं. बोलले नाहीत तरी चालेल. मी त्यांना मेसेज केला, गाडी मी नेते. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे एका पाकिटात किल्ली होती. मी ते पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. किल्लीशिवाय काही नव्हतं.

टेंपोला बांधून गाडी ओढत नेली ती कॅम्प चारच्या गॅरेजात. तिथले काका सिंधी. सत्तरीचे, दोन्ही गुडघे गेलेले, स्टुलावर बसून सगळं बघणारे. गॅरेज रविवारी बंद असायचं, पण घरी बसून करमत नाही म्हणून ते येऊन शटर अर्धं वर करायचे. त्यांनी मला मागचा कोपरा दिला आणि सांगितलं, हात तुझे, डोळे माझे. गाडीचं शरीर एका पत्र्याचं नसतं, हे त्यांनी मला पहिल्या रविवारी दाखवलं. पत्र्यावर पत्रा चढवून ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके मारलेले असतात. दोन टाक्यांच्या मध्ये फट उरते. कारखान्यात तिच्यात एक चिकट मसाला भरतात, त्यावर रंग देतात. वीस-पंचवीस वर्षांनी मसाला वाळतो, तडकतो, पाणी आत शिरतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. बाहेरून रंग चकचकीत दिसत असतो. तो जुना मसाला खरवडून काढायचा, गंज काढायचा, प्रायमर द्यायचा आणि जोड नव्याने बुजवायचे. काम एवढंच. एका माणसाला कित्येक रविवार पुरेल एवढं.

दारांचे जोड ठीक निघाले. डिकीचे नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने पहिला पोपडा उचकटला तर त्याखाली मसाला नव्हताच. डांबर होतं, आणि डांबराखाली काहीतरी मऊ, तपकिरी, घड्या घातलेलं. मी ते ओढलं. ते लांबच लांब येत राहिलं.

काका स्टुलावरून वाकले. "ये गाडी है या पोस्ट ऑफिस?"

मी हसले नाही. त्यांच्या आधी मला कळलं होतं. खळ, कागद, वरून डांबर. आमच्या घराचा इलाज. लगदा झालेल्या त्या सकाळच्या किती आधी कोण जाणे, बाबांनी डिकी गळू नये म्हणून प्रत्येक जोडात पत्रकं ठासून भरली होती. काका समजावत होते, अगं, कागद पाणी पितो, पिऊन बसतो, सोडत नाही, वर्षानुवर्षं पत्र्याला ओला पोटीस लावल्यासारखं होतं. मी जिथे कागद काढत होते तिथे पत्र्याची चाळण झाली होती. जिथे बाबांनी काही केलंच नव्हतं तिथे तो धड होता.

एका तुकड्यावर अक्षरं शिल्लक होती. 'मोठ्या संख्येने' एवढंच वाचता आलं. पुढचं 'उपस्थित राहा' गंजाने खाल्लं होतं. मी तो तुकडा हातात धरून त्या बंद गॅरेजात बसले होते, समोर गुडघे चोळणारे काका, बाहेर रविवारचा रिकामा रस्ता.

"फेंक दे," काका म्हणाले. "लोखंड खातो तो."

मी तो खिशात ठेवला. संध्याकाळी खोलीवर काढला तेव्हा त्याची लाल भुकटी झाली होती.

चाळण झालेला पत्रा डेंटरने आठवड्यात कधीतरी कापून नवे तुकडे जोडून दिले. बाकी मी केलं. वायर ब्रश, थिनर, प्रायमर, एक रविवार वाळायला. मग सीलंट, म्हणजे नवा मसाला. गनमधून राखाडी वळी जोडावर सोडायची आणि ओल्या बोटाने सरळ ओढत न्यायची, अशी की मसाला फटीत बसेल आणि वर कड उरणार नाही. बोट थांबलं की तिथे गाठ राहते. मला ते काम आवडायला लागलं. त्यात कुणाशी वाद नव्हता. एका रविवारी काका नातवाच्या लग्नाला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. त्या दिवशी मी दिवसभर एकटी होते आणि जोशात होते. जो जोड दिसला तो बुजवला. दारांच्या खालच्या कडा राहिल्या होत्या, त्याही बुजवल्या. तिथे बारीक भोकं होती, ती गंजाने पडली असावीत असं मी ठरवून टाकलं. विचारायला कुणी नव्हतं आणि मला विचारायची सवयही नव्हती.

पुढच्या रविवारी काकांनी तो प्रश्न विचारला. रंगाच्या आधी पाणी मारून बघायचं असतं. बाहेरून एकाने मारायचं, आत एकाने बसून बघायचं, पाणी कुठून झिरपतं तिथे खडूने खूण करायची.

"मेरे घुटने तो देख ही रही है. अंदर कोणतरी बसायला पायजे. तेरा कोई है?"

मी म्हटलं, मी एकटी करते.

गाडीतल्या सीटा काढलेल्या होत्या. मी पिशवीतून उरलेली पत्रकं काढली. माझी, अभ्यासिकेच्या पाटीविरुद्धची. शंभरेक खोलीवर पडून होती. ती आत जमिनीवर, डिकीत, दारांच्या कडेला अंथरली. पाणी मारलं की जो कागद ओला होईल तिथे गळती. दारं लावली, पाइप सोडला, टपावरून, काचांवरून, डिकीच्या फटीवरून दहा मिनिटं पाणी मारलं. उघडून बघितलं तर पुढच्या कोपऱ्यातले सात-आठ कागद भिजले होते. पण पाणी कुठून आलं ते कळेना. पाणी एकीकडून शिरतं, पत्र्याच्या कडेने धावतं आणि तिसरीकडेच थेंब पाडतं. थेंब पडतो तिथे भोक नसतं. धावताना बघायला डोळेच लागतात.

काका मात्र पोट धरून हसत होते. "बाप ने कागज भरा, बेटी ने कागज बिछाया. खानदानी बीमारी है."

मी ओले कागद गोळा केले. आठ महिन्यांत त्या गॅरेजात मला पहिल्यांदा रडू आलं. काकांनी ते बघितलं आणि चहा आणायला म्हणून त्या गुडघ्यांनिशी स्वतः उठून बाहेर गेले. ते बराच वेळ आले नाहीत.

आठवडाभर मी वाक्यं तयार करत होते. मागण्या मी शेकड्याने लिहिल्या आहेत. विनंती कधी लिहिली नव्हती. प्रत्येक वाक्य मागणीसारखं तरी व्हायचं, नाही तर माफीसारखं. रविवारी सकाळी मांजर्लीला गेले तेव्हा हातात एकही वाक्य नव्हतं. जिन्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. ती ओलांडून वर गेले, बेल वाजवली.

बाबांनी दार उघडलं. भिंग हातात होतं, वर्तमानपत्र वाचत असावेत. बारीक झाले होते. ते दारातून बाजूला झाले नाहीत आणि दार लावलंही नाही.

"गाडीत बसायला माणूस हवाय," मी म्हटलं.

त्यांनी भिंग दुसऱ्या हातात घेतलं.

"चालवायची नाहीये. नुसतं बसायचं. मी बाहेरून पाणी मारणार. कुठून गळतंय ते बघायचं."

ते आत गेले. मला वाटलं, संपलं. मग खुंटीवरून सदरा काढल्याचा आवाज आला.

रिक्षा बदलत बदलत आम्ही उल्हासनगरला पोचलो. वाटेत ते एका बाजूला बघत होते, मी दुसऱ्या. काकांनी स्टुलावरून हात जोडले आणि आपल्या उंच आवाजात त्यांना सांगितलं की तुमच्या मुलीचा हात बरा आहे, डोकं कडक आहे. बाबांनी मान हलवली, कशाला ते कळलं नाही. ते सरळ डिकीकडे गेले. उघडली. नव्या पत्र्यावरच्या नव्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोपऱ्यात थांबून, पुन्हा मागे. फिटरचा अंगठा. जुने कागद कुठे गेले हे त्यांनी विचारलं नाही.

आत सीट नव्हती म्हणून मी एक लाकडी खोका ठेवला. बाबा त्यावर बसले, गुडघे हनुवटीशी, हातात खडू. सभेच्या गाडीत ते असे पाहुण्यासारखे कधी बसले नसतील. मी दार लावलं आणि पाणी सोडलं.

काचेवरून पाणी वाहायला लागलं तसा त्यांचा चेहरा हलायला लागला. डोळे कुठे, कपाळ कुठे. मी एकटक बघत होते, कारण चौदा महिन्यांत मला असं बघायची मुभा नव्हती. त्यांनी काचेवर एकदा टकटक केली. मी पाइप खाली केला. ते पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खूण करत होते. मग दोनदा टकटक, म्हणजे चालू कर. आमच्यात काहीच ठरलेलं नव्हतं, तरी एक टकटक थांबायची आणि दोन चालू करायची, हे आपोआप ठरून गेलं. दोन जागा सापडल्या, दोन्ही पुढच्या काचेपाशी. डिकीवर मी सगळ्यात जास्त पाणी मारलं. तिथे टकटक झाली नाही.

मग बाबांनी बाहेर यायला दार ढकललं आणि दाराच्या पोटात डबक डबक आवाज झाला. त्यांनी ते दोनदा हलवलं. कान लावला.

"दारात पाणी साठलंय," ते म्हणाले. "खालची भोकं कुठे गेली?"

चौदा महिन्यांनंतरचे त्यांचे हे पहिले शब्द.

"बुजवली."

"का?"

"मला वाटलं, गंजाची आहेत."

"ती मुद्दाम ठेवलेली असतात. काचेच्या फटीतून पाणी दारात जाणारच. ते खालून निघून जायला पाहिजे. विचारायचं होतंस."

"कुणाला?"

काकांनी छताकडे बघितलं. बाबांनी कोपऱ्यातून सायकलची एक तुटकी तार उचलली, उकिडवे बसले आणि माझा सीलंट भोसकला. पाणी त्यांच्या चपलांवर भळाभळा आलं, गढूळ, राखाडी. दुसऱ्या दारासाठी तार त्यांनी माझ्या हातात दिली. चारही दारं रिकामी झाल्यावर ते पाय झटकत म्हणाले, "डिकीत कागद मी भरला होता. मलाही कुणी अडवलं नव्हतं."

"आमच्यात कोण कुणाला अडवणार," मी म्हटलं. ते जवळजवळ हसले.

परतताना अंबरनाथला मी उतरणार तेव्हा त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. मला वाटलं आता निकाल लागणार. ते म्हणाले, "लांब झालंय. पत्रक एका बाजूत बसलं पाहिजे. मागची बाजू कुणी वाचत नाही." पाटीबद्दल काही नाही. छपराबद्दल काही नाही. पत्रक पुन्हा खिशात गेलं आणि रिक्षा बदलापूरकडे गेली.

पाटी अजून लटकते आहे. मी अजून विरोधात आहे. बाबांना अजून वाटतं की भिजलेल्या पुस्तकांपेक्षा ती पाटी बरी. काचेपाशी पुन्हा सीलंट भरला तेव्हा ते एकदा आले, खोक्यावर बसले, टकटक न करता उतरले. मधले रविवार ते येत नाहीत, आणि मी खोलीचं कुलूप उघडते तेव्हा आत कुणी खोकत नाही. पण डिकीत मी एक कोरा कागद ठेवला आहे. दर रविवारी आधी तो बघते. कोरडा असतो.

आता विनंती. मागणी नाही, विनंतीच. सुरुवातीला तुम्ही एक नाव घेतलंत. ज्याचं घ्यावंसं वाटलं आणि ज्यावरून जीभ पुढे गेली, असंही एक असेल. या आठवड्यात त्याच्या दारात जा. भूमिका सोडू नका, माफीही मागू नका. दोन माणसांशिवाय होत नाही असं एखादं काम शोधा, माळ्यावरची पेटी उतरवायची, चादर पिळायची, काहीही, आणि त्याला सांगा, की आत बसायला माणूस हवाय.